सासूबाईंचं सोवळं झेंड्याच्या खांबावर

हसणार नाही असं आधी कबूल करा, तरच सांगते. आणि ती कॉफी संपवून टाका बघू. मधेच ठसका लागला तर खापर माझ्यावर फुटायचं.

तशा मी आयुष्यात फजित्या काय थोड्या करून घेतल्यात? पण ह्या फजितीची शान वेगळी. हिच्यात मी दणकून तोंडावर आपटले आणि तरी जिंकले! आमच्या ह्यांची नोकरी वाचली, एका महाहट्टी म्हातारीचा हट्ट सुटला, अख्खा डोंगर माझ्यापुढे हात जोडून उभा राहिला. आता डोंगर नक्की कशापुढे हात जोडून उभा राहिला, ते मात्र विचारू नका. सांगतेच.

राजाजीनगरात तेव्हा कुठे नवी घरं उठत होती. आमच्या थोरल्या जाऊबाई तिकडे स्वतःच्या घरात राहायला गेल्या होत्या आणि येता-जाता "आमच्याकडे हवा किती मोकळी" असं ऐकवत होत्या. आम्ही आपले बसवनगुडीत, गांधी बाजाराच्या मागे, भाड्याच्या घरात. मामंजी, सासूबाई, हे आणि मी. पिढ्यान् पिढ्या बेंगळुरात काढलेलं देशस्थ घर आमचं. घरात मराठी, दारात कन्नड, आणि भांडण रंगलं की दोन्ही.

तर आमच्या ह्यांनी एक दिवस कापडाच्या पेढीवरची चांगली कारकुनी सोडली आणि सुब्बराव म्हणून एक कॉफीमळेवाले होते, त्यांच्याकडे मॅनेजर म्हणून लागले. काम काय? चिकमगळूरच्याही पलीकडे, डोंगराच्या माथ्यावर तंबू ठोकायचे आणि त्यात श्रीमंत लोकांना राहायला बोलवायचं!

मामंजींनी कपाळाला हात लावला. "अरे, ज्याला घर नाही तो तंबूत राहतो. घर असलेला माणूस पैसे मोजून तंबूत कशाला येईल?"

"येतात, अण्णा! मोठमोठे लोक येतात. आत गालिचे आहेत, पलंग आहेत. आंघोळीला टब आहे."

"डोंगरावर टब?"

"टब!"

मी दाराआड उभी होते. माझ्या मनात तो टब जो शिरला तो शिरलाच. राजाजीनगरात हवा असेल मोकळी, टब आहे का?

पण एक मेख होती. डोंगर सुब्बरावांचा नव्हताच. डोंगर, मळा, खोऱ्यातलं मोठं घर, सगळं त्यांच्या आईच्या नावावर. सगळे त्यांना अम्मावरू म्हणत. वय झालेलं, पण आवाज खणखणीत आणि मडी कडक. मडी म्हणजे आपलं सोवळंच हो, फक्त कन्नडमधलं. आमच्या सासूबाईंचं सोवळं सोडलं तर इतकं कडक सोवळं साऱ्या मुलखात नसेल.

अम्मावरूंनी एकच धोशा लावला होता. "तंबूत कसली मडी आणि कसलं काय! कोण कुठले येणार, अंडी खाणार. मी त्या डोंगरावर पाऊल ठेवणार नाही. दिवाळीच्या आत तंबू उतरवा!"

तंबू उतरले की आमच्या ह्यांची नोकरी उतरली. आणि जुन्या पेढीवर ह्यांच्या गादीवर दुसरा कारकून बसलासुद्धा होता. काय करायचं?

सुब्बरावांनी युक्ती काढली. ह्यांना म्हणाले, "तुमच्या आईंना वर राहायला घेऊन या. एवढ्या कडक बाईचं सोवळं तंबूत नीट सांभाळलं जातं, ही बातमी खाली गेली की आमची आई स्वल्प तरी विरघळेल."

म्हणजे बघा, सगळा डाव सासूबाईंच्या सोवळ्यावर! निघायच्या आधी ह्यांनी मला बाजूला घेतलं.

"सुमती, आईचं सोवळं मोडता कामा नये. एकदा जरी मोडलं आणि ती वैतागून खाली उतरली, तर आपण रस्त्यावर आलो म्हणून समज. तू तेवढं सांभाळ. बाकी कशाला हात लावू नकोस. डोकं तर मुळीच लावू नकोस!"

"मी कधी लावते?" मी म्हटलं.

मामंजी घर राखायला राहिले. सुब्बरावांची मोटार दाराशी आली. गल्लीतल्या सगळ्या खिडक्या उघडलेल्या बघून मी मुद्दाम सावकाश चढले. मागे सामान काय विचारता! सासूबाईंची शेगडी, पितळेची पातेली, देवांची पेटी, गंगाजळीचा तांब्या, आणि खिडकीतून हातभर बाहेर आलेली एक बांबूची काठी.

"ही कशाला अम्मा? वाघासाठी?" ड्रायव्हरनं विचारलं.

"सोवळ्यासाठी," सासूबाई म्हणाल्या.

तुमच्यातल्या नव्या मुलींना कळायचं नाही म्हणून सांगते. सोवळ्याचं धुतलेलं लुगडं वाळत घालायचं ते आढ्याजवळच्या उंच दांडीवर, म्हणजे कुणाचा धक्का लागणार नाही. आणि घालणाऱ्याची आंघोळ झाली नसेल तर हातानं शिवायचं नाही, काठीनं उचलून टाकायचं. ओल्या नऊवारीला काठीच्या टोकावर तोलून दांडीवर फेकणं, ही विद्या आहे हो! मी ह्या विद्येत तरबेज. लग्न ठरलं तेव्हा मला गाता येतं का हे कुणी विचारलं नाही, काठी धरता येते का हे विचारलं.

पोचलो. आणि काय सांगू! माथ्यावर पांढरेशुभ्र तंबू, दारांना पडदे, आत गालिचा, पलंगावर एवढी जाड गादी की बसल्यावर मी अर्धी दिसेनाशीच झाले. पांढरा कोट घातलेला जोसेफ नावाचा बटलर पुढे आला आणि वाकून म्हणाला, "वेलकम, मॅडम!" मला! मॅडम! मी मागे वळून बघितलं, कुणी दुसरी आहे का म्हणून.

जोसेफ सगळं दाखवत फिरला. हा जेवणाचा तंबू, हा वाचायचा तंबू, हा आंघोळीचा. टब होता! पांढरा, वाघाच्या पायांचा, मी अख्खी मावेन एवढा! मी त्या टबाकडे बघत असताना जोसेफ बाहेरच्या एका उंच खांबाकडे बोट दाखवून काहीतरी समजावत होता. वर टेलिफोन नाही, म्हणून पांढरं म्हणजे अमुक, लाल म्हणजे तमुक. मी "सरी, सरी" म्हणत मान डोलावली. माझं लक्ष टबात! तिथेच चुकलं बघा सगळं.

दुसऱ्या दिवशी पहाटे सासूबाई उठल्या. बाहेर धुकं म्हणजे असं, की स्वतःचा हात दिसेना. त्यांनी आंघोळ केली, बेंगळुराहून आणलेलं कोरडं सोवळं नेसल्या, ओलं लाल लुगडं पिळून तिथेच बादलीत ठेवलं आणि देवांपुढे बसता बसता हुकूम सोडला.

"सुमती, लुगडं वाळत घाल. हात लावू नकोस. आणि उंच घाल! इथे माणसं तंबूच्या दोऱ्यांखालनं ये-जा करतात, तो जोसेफ अंडी घेऊन फिरतो. कुणाची सावली पडता कामा नये."

आता सांगा, तंबूत दांडी असते का? झाडाच्या फांदीवर घालावं तर माकडं. तंबूच्या दोऱ्या माझ्या खांद्याएवढ्या. काठी आणि बादली घेऊन मी धुक्यात वणवण फिरते आहे, आणि समोर काय? तो उंच खांब! वरपर्यंत दोरी, टोकाला कप्पी, दोरीला पितळेचा आकडा. मी म्हटलं, वा! श्रीमंतांनी सोवळ्याची केवढी सोय केलीय!

काठीनं बादलीतलं उचललं, आकड्यात अडकवलं, दोरी ओढली. सर्रकन वर! ओलं नऊवारी किती जड असतं, पण काय ती कप्पी, कापूस ओढावा तसं वर गेलं आणि धुक्यात दिसेनासं झालं. मी मनात म्हटलं, आता पडू दे कुणाची सावली पडायची ती! हातसुद्धा न लावता मी सोवळं आभाळात नेऊन ठेवलं होतं.

मग ऐटीत टबात शिरले. किती वेळ होते, देवाला ठाऊक.

बाहेर येते तो खालून गलका. घंटा वाजतेय, ढोल वाजतोय, जीपचा हॉर्न, माणसांची आरडाओरड, आणि सगळं वर वर सरकतंय!

आमचे हे तंबूतून धावत बाहेर आले, तोंडाला साबण तसाच. "दरोडा! दरोडा पडतोय!"

सुब्बराव दुसऱ्या तंबूतून बंदूक घेऊन आले. "काडतुसं कुठायत?" म्हणून ओरडले आणि काडतुसं खालच्या घरी राहिलीत हे आठवून तिथेच मटकन बसले. जोसेफनं चांदीचे चमचे मोजायला घेतले.

आणि मी? मला सगळं लख्ख कळलं! अहो, बसवनगुडीहून पाहुणे आलेत, गावानं ढोल वाजवत स्वागताला यायचं, ही इकडची रीत असणार! आणि हे पुरुष बघा, बंदुका काय काढतायत! मी पटकन तंबूत गेले, म्हैसूर सिल्क नेसले, अंबाड्यात अबोलीचा गजरा खोवला, सासूबाईंच्या देवांपुढून हळदीकुंकवाचं तबक उचललं आणि वाटेच्या तोंडाशी हसत उभी राहिले.

धुक्यातून पहिले बाहेर आले ते मळ्याचे डॉक्टर. घामाघूम, हातात बॅग, मागे दोन गडी स्ट्रेचर घेऊन.

"एनायतु? काय झालं? पेशंट कुठाय?"

"या या डॉक्टर, बन्नी! आधी टिळा लावून घ्या," असं म्हणत मी त्यांच्या कपाळावर कुंकवाचं बोट उमटवलंसुद्धा.

डॉक्टर दचकले. माझ्या डोळ्यांत टॉर्च मारून बघितलं. "अम्मा, कुणाला लागलंय का? किती माणसं आहेत?"

"माणसं आम्ही चौघं, जोसेफ धरून पाच. पण तुम्ही सगळे आलात, फार बरं वाटलं हो! दमला असाल. बसा, कॉफी टाकते."

"नाडी बघू," डॉक्टर म्हणाले. नाडी बघितली. मग गड्यांना हळूच सांगितलं, "डोक्यावर परिणाम झालाय. उंचीवर होतं असं. हळूच निजवा."

आणि मला स्ट्रेचरवर निजवलं की हो! मला तरी काय कळणार? मला वाटलं, पाहुण्यांना मिरवत न्यायची ही इकडची पालखी! मी तबक छातीवर धरून आडवी झाले आणि भोवतीच्या माणसांना हात हलवायला लागले. कोयते घेतलेले गडी, कॉफी तोडणाऱ्या बाया, ढोलवाले, सगळे माझ्याकडे बघून हळहळत होते. एकीनं तर डोळ्याला पदर लावला. मी म्हटलं, काय प्रेमळ लोक!

एवढ्यात जीप वर आली. अजून थांबली नाही तोच आतून आरोळी आली, "सुब्बा! माझा सुब्बा कुठाय?"

साक्षात अम्मावरू!

ज्या बाईनं ह्या डोंगरावर पाऊल न टाकण्याची शपथ घेतली होती, ती पोराच्या काळजीनं पूजा अर्धी टाकून, मडीतच, अनवाणी वर आली होती. म्हातारी चहूकडे पोराला शोधत होती. पण मडीत होती ना! गर्दी बघून दोन्ही हात वर करून ओरडली, "मुट्टबेडी! मुट्टबेडी! कुणी शिवू नका मला!"

आणि त्याच क्षणी गलका ऐकून आमच्या सासूबाई देवांपुढून उठून तंबूबाहेर आल्या. समोर ही झुंबड! त्यांनीही दोन्ही हात वर केले. "शिवू नका! शिवू नका मला कुणी!"

मधे मोकळी जागा, ह्या टोकाला एक म्हातारी हात वर करून, त्या टोकाला दुसरी हात वर करून. दोघी एकमेकींकडे बघताहेत. काय सांगू तुम्हाला, हरवलेल्या बहिणी भेटाव्यात तसं त्यांच्या तोंडावर ओळखीचं हसू आलं!

"मडी?" अम्मावरूंनी विचारलं.

"सोवळं," सासूबाई म्हणाल्या.

तेवढ्यात सुब्बराव पुढे आले. आईनं पोराला डोक्यापासून पायापर्यंत डोळ्यांनीच चाचपलं, मडीत हात कसा लावणार? धडधाकट आहे असं बघितल्यावर जो काय तोंडाचा पट्टा सुटला! "तू जिता आहेस! मग केंपु बावुटा कशाला लावला? धुकं घडीभर फाटलं, लाल बावटा दिसला आणि माझा जीव जायचा राहिला!"

"लाल बावटा?" सुब्बराव खांबाकडे वळले. वर धुकंच धुकं, आणि धुक्यात काहीतरी लाल हलतंय. "जोसेफ! लाल निशाण म्हणजे जिवाचा धोका, सगळे वर या! कुणी चढवलं हे?"

"मी नाही सर! सकाळचं पांढरं निशाण अजून माझ्याच हातात आहे," जोसेफ म्हणाला.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला! ढोल, घंटा, डॉक्टर, स्ट्रेचर, एकेक गोष्ट धाडधाड कोसळायला लागली. मी स्ट्रेचरवर डोळे मिटून घेतले. ह्यांचा चेहरा साबणाहून पांढरा झालेला मी मिटल्या डोळ्यांनीही बघत होते. गेली नोकरी! आणि ती माझ्या हातानं. नव्हे, काठीनं!

पण आमच्या सासूबाई! कुणाला भ्यायच्या? ताठ पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "निशाण कसलं डोंबलाचं! ते माझं सोवळ्याचं लुगडं आहे. कुणाची सावली पडू नये म्हणून सूनबाईला उंच घालायला सांगितलं होतं."

अम्मावरू खांबाकडे बघत राहिल्या.

"मडीचं लुगडं?" त्या हळूच म्हणाल्या. "इथे? ह्या तंबूंच्या डोक्यावर?"

"मग कुठे घालायचं?" सासूबाई म्हणाल्या.

आणि अम्मावरू हसल्या! अहो, रडत रडत हसल्या! "सुब्बा! मला वाटलं तू इथे धर्म बुडवायला बसलायस. आणि इथे तर मडी झेंड्याच्या जागी लावतात! आमच्या खालच्या घरात तरी मडीला एवढा मान आहे का? कोण म्हणतो तंबू उतरवा? राहू दे तंबू! ह्या अक्कांसारखी माणसं जिथे राहतात, तिथे मला कसली भीती?"

तंबू राहिले! नोकरी राहिली! आमचे हे साबणाच्या तोंडानं हसले ते अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. मी जिंकले की नाही सांगा!

"पण एवढ्या उंच घातलं कुणी?" अम्मावरूंनी विचारलं.

आता मी गप्प बसायला हवं होतं. पण गप्प बसेन तर ती मी कसली! स्ट्रेचरवरनं टुणकन उडी मारली, गजरा सावरला आणि छाती पुढे काढून म्हटलं, "मी! हातसुद्धा न लावता, नुसत्या काठीनं!"

डॉक्टर "निजा, अम्मा, निजा" म्हणत होते. कोण ऐकतंय?

"शाब्बास पोरी! ये, अशी खांबापाशी उभी राहा. बघू दे सगळ्यांना. हिला म्हणतात सून!"

मी खांबापाशी जाऊन उभी राहिले. आणि वारा सुटला. धुकं हळूहळू बाजूला सरकलं, ऊन पडलं, सगळ्यांच्या माना वर झाल्या. मीही ऐटीत वर बघितलं.

अगं बाई! लुगड्याला घेर नसतो हो! लुगड्याला नाडी नसते!

खांबाच्या टोकावर, आकड्यात नाडी अडकवून, वाऱ्यानं टम्म फुगून, माझा परकर डौलानं फडकत होता!

झालं असं होतं, की आदल्या दिवशी घाटात मोटारीच्या हिसक्यानं माझ्या मांडीवर कॉफी सांडली होती आणि तो लाल परकर मी आंघोळीच्या तंबूत भिजत टाकला होता. बादल्या सगळ्या सारख्या. धुक्यात मी नेमकी माझीच उचलली. आणि हात लावायचा नाही ना! हात लावला असता तर कळलं नसतं का? सासूबाईंचं लुगडं दुसऱ्या बादलीत तसंच पिळून पडलेलं, आणि माझा ओवळा परकर आभाळात!

आमचे हे माझ्या कानाशी येऊन पुटपुटले, "आईचं लुगडं आखूड झालंय का गं?"

मी त्यांच्या पायावर पाय दिला.

जोसेफनं वर बघितलं आणि खोकला काढला. डॉक्टरांनी वर बघितलं आणि घाईघाईनं बॅग उघडून आत काहीतरी शोधायला लागले. आणि सासूबाईंनी वर बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मग आपल्या मुलाकडे.

"माझा चष्मा देवघरातच राहिला गं," अम्मावरू म्हणाल्या. "मला नुसतं लाल लाल दिसतंय. केवढं छान फडकतंय! तुमचंच ना ते, अक्का?"

आमच्या सासूबाई म्हणजे कोण? खोटा शब्द तोंडातून गेला तर पुन्हा आंघोळ करणारी बाई ती! माझा परकर त्यांच्या पाटाला लागला तर पाट धुणारी! त्यांनी एक शब्द खरा बोलायचा अवकाश, तंबू, नोकरी, माझी अब्रू, सगळं त्या खांबावरनं खाली येणार होतं.

सासूबाईंनी पदर सारखा केला.

"माझंच," त्या म्हणाल्या.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं हो. त्या क्षणी त्यांच्या पायांवर लोळण घ्यावीशी वाटली. पण त्या सोवळ्यात होत्या.

"मग ते दिवस मावळेपर्यंत उतरवायचं नाही!" अम्मावरूंनी फर्मान सोडलं. "आणि नमस्कार करा रे सगळे!"

आणि सगळ्यांनी केला! गड्यांनी कोयते खाली ठेवून, बायांनी पदर घेऊन, ढोलवाल्यांनी ढोल बडवून, सुब्बरावांनी डोळे मिटून, डॉक्टरांनी ओठ चावून. जोसेफनं तर चक्क सलाम ठोकला. खांबाच्या बुंध्याशी नारळ फुटला, आणि तो वाढवायचा मान कुणाला? मलाच! परकराखाली उभं राहून परकराला नारळ फोडणारी मी जगात एकटीच असेन.

मग काय, वर आलेल्या सगळ्या माणसांना उप्पिट्टु झालं, कॉफी झाली. अम्मावरू आणि सासूबाई दोन पाटांवर अंतर राखून बसल्या आणि दिवसभर गप्पा मारत राहिल्या. जायच्या वेळी अम्मावरूंनी ह्यांना सांगितलं, "मॅनेजर, तंबूंची काळजी तुम्ही घ्या. तुमची नोकरी मी आहे तोवर पक्की." हे मला म्हणाले, "सुमती, तुझ्यामुळे!" मी मान खाली घालून लाजले. आणखी काय करणार?

उन्हं उतरली, सगळे पांगले. मी चोरपावलांनी खांबाकडे गेले. सासूबाई आधीच तिथे उभ्या, हातात सोवळ्याची काठी. मी दोरी सोडली, परकर भरभर खाली आला, त्यांनी तो वरच्यावर काठीच्या टोकावर झेलला आणि माझ्यापुढे धरला.

"आई, चुकले हो मी," मी म्हटलं. "तुम्हाला माझ्यासाठी खोटं बोलावं लागलं."

"खोटं बोलले त्याची आंघोळ केली मी मघाशी," त्या म्हणाल्या. "पोराची नोकरी राहिली, म्हातारीचा राग गेला, छानच झालं. माझं काही म्हणणं नाही. पण सुमती, अंगावर म्हैसूर सिल्क नेसून टेचात मिरवतेस, आणि अख्खं खोरं ज्याला हात जोडतंय त्या परकराला हे एवढं मोठं ठिगळ? आणि तेही हिरवं!"